मोटरहोमचं पॅनेल रात्री का कोकलतं? अलार्मचं मूळ शोधायची पद्धत

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "दिवसभर काही नाही. रात्री हीटर सुरू झाला की पॅनेल पीं-पीं करतं, लाल दिवा लागतो, दोन मिनिटांत आपोआप गप्प. सकाळी बघावं तर बॅटरी पाऊण भरलेली." मग माणूस बॅटरी बदलतो. उन्हाळा बरा जातो, ऑक्टोबरात थंडी पडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग चार्जर बदलतो. मग पॅनेल बदलायला निघतो, आणि जुन्या गाडीचं पॅनेल मिळत नाही म्हणून मला फोन करतो.

गफलत एकच असते. पॅनेल बॅटरी किती भरली आहे हे मोजतच नाही. त्याच्यापर्यंत किती व्होल्ट पोचले तेवढंच त्याला कळतं. बॅटरीपासून पॅनेलपर्यंत वाटेत फ्यूज आहे, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आहेत, नटबोल्ट आहेत, चॅसीला मारलेलं अर्थिंग आहे. यातल्या कुठल्याही जागी व्होल्ट गळले तरी पॅनेल बॅटरीच्या नावाने बोंब मारतं. म्हणून काहीही विकत घेण्याआधी, अलार्म वाजत असताना, दोन जागी मीटर लावायचा. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

मी धरून चाललोय ती गाडी इंग्लंड-युरोपात सर्रास दिसते तशी: व्हॅनच्या चॅसीवर बांधलेलं घर, इंजिनाची १२ व्होल्टची बॅटरी, घरासाठी वेगळी 'लीझर' बॅटरी (पुढे तिला घराची बॅटरीच म्हणतो), कॅम्पसाइटवर निळ्या प्लगने घ्यायचं २३० व्होल्टचं हुक-अप, आणि दाराच्या वर बसवलेलं कंट्रोल पॅनेल. पुण्या-नाशकाकडे ट्रॅव्हलरवर कॅम्पर बांधून घेतलेल्यांनाही १२ व्होल्टचा भाग जसाच्या तसा लागू पडतो. तिथे घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बसवली असेल तर एवढंच पाहा, की ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तिची पेटी बंदिस्त आणि बाहेर हवा जाणारी हवी, पलंगाखाली उघडी नको.

आधी आवाज कुणाचा ते ठरवा

मिनिटा-मिनिटाने एकच बारीक चिवचिव येत असेल तर ते पॅनेल नव्हे. तो कार्बन मोनॉक्साइडचा किंवा धुराचा अलार्म, त्याचा सेल संपत आलाय किंवा त्याचं आयुष्य संपलंय. सीओ अलार्मचा सेन्सर साधारण सात ते दहा वर्षं चालतो, बदलायची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्यांदा ती वाचावी.

सीओ अलार्म सलग, मोठ्याने वाजत असेल तर शोधाशोध नंतर. सगळ्यांना उठवून बाहेर काढा, दारं सताड उघडी टाका, बाहेरून सिलिंडर बंद करा. कुणाला डोकं दुखतंय, मळमळतंय असं वाटलं तर लगेच डॉक्टरी मदत. पॅनेलचीच कटकट आहे असं समजून हा अलार्म काढून उशीखाली दाबणारे लोक मी पाहिलेत. त्यांना काय म्हणावं कळत नाही.

यात एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. गॅसची एकही ज्योत पेटलेली नाही, हीटर बंद, गाडी नुसती हुक-अपवर उभी, आणि तरी सीओ अलार्म ओरडतोय, असंही होतं. या अलार्ममधल्या सेन्सरला हायड्रोजनही कार्बन मोनॉक्साइडसारखाच लागतो. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीचा एखादा सेल बसला की चार्जरला वाटतं अजून भरायचीय, तो करंट ढकलतच राहतो, बॅटरी तापते आणि हायड्रोजन सोडू लागते. बऱ्याचदा सडक्या अंड्यासारखा वासही येतो. अशा वेळी आधी सगळे बाहेर. मग हुक-अपची वायर बाहेरच्या खांबावरून काढा, दारं उघडी ठेवा आणि बॅटरी निवू द्या. गरम बॅटरीचे टर्मिनल त्याच क्षणी सोडवायला जाऊ नका. एक ठिणगी पुरते. ती बॅटरी मात्र गेली, ती पुन्हा वापरायची नाही.

कधी वाजतो?

एवढं झाल्यावर उरतो तो पॅनेलचा खरा अलार्म. इथे मला समोरच्याकडून एकच उत्तर हवं असतं: काहीतरी चालू केल्यावर वाजतो, की सगळं बंद असतानाही?

हीटर, पंप, इन्व्हर्टर चालू झाल्यावर वाजून नंतर गप्प बसत असेल तर एकतर वाटेत व्होल्ट गळताहेत, नाहीतर बॅटरी आतून थकली आहे. सगळं बंद असूनही लाल दिवा जात नसेल तर बॅटरी खरोखर रिकामी आहे. म्हणजे ती भरत नाहीये किंवा कुणीतरी चोरून पितंय. आणि हुक-अप लावलेलं असताना वाजत असेल तर चार्जरपासून सुरुवात.

आकडे पाठ असलेले बरे. लेड-ॲसिड बॅटरी, चार्जर आणि सोलर बंद, लोड (म्हणजे करंट खाणारी सगळी उपकरणं) बंद, चार-पाच तास आराम झालेला, अशा वेळी १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली (एजीएम, म्हणजे न सांडणारी बंद लेड-ॲसिड, थोडी वर, १२.८), १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ अर्धी, १२.० पाव, आणि ११.८ ला रिकामीच समजा. आराम न देता घेतलेल्या रीडिंगला काही अर्थ नाही. चार्जर काढल्या काढल्या १३ दिसतं आणि लोक खूश होतात. अलार्म कितीला वाजायचा हे प्रत्येक पॅनेलचं वेगळं, ते पुस्तिकेत बघा. बऱ्याच गाड्यांत १०.५ च्या आसपास घराची सगळी १२ व्होल्टची लाइन आपोआप तोडली जाते, बॅटरी मरू नये म्हणून.

व्होल्ट कुठे गळतात

सामान फार लागत नाही. दहा-पंधरा पौंडांचा साधा मीटर, आणि मीटरचं टोक लांबवायला पाच-सहा मीटरची एक बारीक वायर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. बॅटरीपाशी हात घालण्याआधी अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ, लोंबणारी साखळी काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण पॉझिटिव्ह आणि चॅसीच्या मध्ये अंगठी सापडली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि ती बोटातच लाल होते. पाना वापरणार असाल तर त्याच्या दांड्याला टेप गुंडाळा.

आता लोड टाका. डिझेल हीटर असेल तर उत्तम, कारण पेटताना त्याचा ग्लो प्लग (तापून डिझेल पेटवणारी कांडी) दोन-तीन मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो. रात्रीच्या अलार्मचा नायक बहुतेकदा हाच. नसेल तर सगळे दिवे, नळ सोडून पंप, ब्लोअर फुल, जे असेल ते. आणि लोड चालू असतानाच बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मीटर टेकवा. क्लॅम्पवर (खुंटीला वायर धरणाऱ्या पकडीवर) नको, खुंटीवरच. क्लॅम्प आणि खुंटी यांच्या मध्येच लूज काँटॅक्ट असू शकतो. समजा खुंटीवर १२.२ आहे आणि पॅनेल ११.४ म्हणतंय. ८ दशांश व्होल्ट वाटेत गेले, बॅटरी निर्दोष.

कुठे गेले? इथे बरेच जण एक-एक वायर सोडवून बघत बसतात. त्यापेक्षा मीटरची दोन टोकं *एकाच वायरच्या दोन टोकांना* लावा. लोड चालू असताना त्या तुकड्यात जेवढे व्होल्ट गळताहेत तेवढा आकडा सरळ मीटरवर येतो. चांगल्या जोडावर दोन-तीन शतांश. पूर्ण वायरीवर एक-दोन दशांश चालतील. एका जोडावर अर्धा व्होल्ट दिसला तर चोर सापडला.

आमच्या ओळखीतले एक काका इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हुक-अप नसलेल्या जागी अडकले होते. बॅटऱ्या नव्याकोऱ्या, त्यासुद्धा दुसऱ्यांदा बदललेल्या. फोनवर असं झालं:

"काका, हीटर लावलात ना? आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं मेन फ्यूजच्या पलीकडच्या बोल्टवर."

"शून्य पॉइंट सहा दाखवतोय रे."

"आता दुसरं टोक फ्यूजच्या अलीकडच्या बोल्टवर."

"शून्य पॉइंट शून्य तीन."

"फ्यूजच्या बुडाला हात लावून बघा, जपून."

"अरे, चांगलाच तापलाय हा!"

पट्टीचा फ्यूज होता, दोन नटांखाली दाबून बसवतात तसा. पलीकडचा नट अर्धा आटा सैल. वॉशर निळसर पडलेला, खालचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं, आणि पट्टीच्या भोकाभोवती काळं कडं. १० अँपिअरला सहा दशांश व्होल्ट म्हणजे त्या एवढ्याशा जागेत ६ वॅट उष्णता. रोज रात्री थोडी-थोडी भाजत होती. काकांनी त्या रात्रीपुरता लोड बंद करून, निगेटिव्ह काढून नट आवळला. घरी आल्यावर होल्डर अख्खा बदलला, कारण एकदा भाजलेलं प्लास्टिक पुन्हा दाब धरत नाही. ड्रॉप, म्हणजे व्होल्टची गळती, चार शतांशांवर आला. "म्हणजे पहिल्या बॅटऱ्यासुद्धा चांगल्याच होत्या की," काका म्हणाले. मी विषय बदलला.

असा फ्यूज जळाला म्हणून मोठ्या रेटिंगचा घालायचा नाही, तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद तर नाहीच नाही. फ्यूज वायरीला आग लागू नये म्हणून असतो. मोठा फ्यूज घातला की जळायची पाळी वायरीवर येते, आणि ती लाकडी भिंतीच्या आतून गेलेली असते.

निगेटिव्ह बाजू लोक हमखास विसरतात. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून चॅसीच्या बोल्टापर्यंत, आणि तिथून पॅनेलच्या डब्याच्या निगेटिव्हपर्यंत तसंच मोजा. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाखाली बसतं, आणि अर्थिंगच्या लगखाली गंज धरतो. वरून पाहिलं तर बोल्ट घट्ट. काढून बघावा तर लगच्या खाली तांबडी भुकटी. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून, लग पुन्हा आवळून वरून ग्रीस लावलं की झालं. क्वचित असंही सापडतं की लगच्या खाली रंग तसाच आहे, कुणी खरवडलाच नव्हता.

काही वेळा जोड सगळे चांगले असतात आणि वायरच बारीक असते. आधीच्या मालकाने बॅटरी सीटखालून मागच्या डिकीत हलवली, दुसरी जोडली, आणि हाताशी होती ती वायर ओढली. हिशोब सोपा आहे. बॅटरी ६ मीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स ०.०८४ ओहम होतो. १० अँपिअरला ०.८४ व्होल्ट गेले, आणि एकही जोड बिघडलेला नाही! तीच वायर १० चौरस मिलिमीटरची असती तर दोन दशांश गेले असते. इथे एक बारकावा आहे: हीटरची वायर थेट बॅटरीवरून स्वतंत्र आलेली असेल तर तिच्यातला ड्रॉप पॅनेलला दिसत नाही. पॅनेलला दिसतो तो बॅटरीपासून फ्यूजच्या डब्यापर्यंतच्या सामाईक वाटेतला. हीटर स्वतः कमी व्होल्टेजचा एरर देतोय पण पॅनेल शांत, असं असेल तर हीटरची स्वतःची वायर आणि फ्यूज तपासा.

आणखी एक. बऱ्याच गाड्यांत पॅनेलला व्होल्ट दाखवायला बॅटरीवरून वेगळी बारीक वायर येते, तिच्यावर बॅटरीजवळच छोटासा, २ अँपिअर वगैरेचा फ्यूज असतो. तो गेला की गंमत होते: दिवे लागतात, पंप चालतो आणि पॅनेल मात्र बॅटरी शून्य म्हणत अलार्म वाजवतं.

बॅटरीच थकली असेल तर

खुंटीवरच व्होल्ट कोसळत असतील, म्हणजे आरामात १२.६ आणि १० अँपिअरच्या लोडला ११.५, तर बॅटरीच दोषी. तरी दुकानात जाण्याआधी एक चाचणी करा. पूर्ण चार्ज करा, रात्रभर आराम द्या, मग ५ अँपिअरचा लोड पाच तास. १०० अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर पाव भाग गेला पाहिजे. पुन्हा चार-पाच तास आराम देऊन १२.४ दिसले तर ठीक. १२.० दिसले तर २५ अँपिअर-अवर काढल्यावर ती पावावर आली, म्हणजे लेबलवर १००, पोटात ३३.

हिवाळ्यात गाडी अर्धवट भरलेल्या बॅटरीवर उभी ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरून असं होतं. शिवाय शून्य अंशाला चांगली लेड-ॲसिड बॅटरीसुद्धा साधारण ८० टक्केच देते, आणि हीटर नेमका तेव्हाच लागतो. दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर दोन्ही सुट्या करून रात्रभर ठेवा आणि वेगवेगळ्या मोजा. एक बसलेली दुसरीलाही घेऊन बुडते.

आणि जे बिघाड नाही त्याला बिघाड समजू नका. नारळाच्या चटणीसाठी इन्व्हर्टरवर ७५० वॅटचा मिक्सर लावलात तर १२ व्होल्टच्या बाजूला ७० अँपिअरच्या आसपास जातात, पातं फिरायच्या क्षणी त्याहून जास्त. एका लेड-ॲसिड बॅटरीवर पॅनेल ओरडणारच. चटणी घरून करून आणावी, नाहीतर हुक-अपवर वाटावी.

भरत नाही, किंवा कुणी पितंय

हुक-अप लावा आणि खुंटीवर मोजा. चार्जर चालू असेल तर आधी १४.४ च्या आसपास, भरल्यावर १३.६ ते १३.८. हुक-अप लावण्याआधी होता तोच आकडा राहिला तर करंट पोचतच नाहीये. चार्जरचा स्वतंत्र स्विच बंद असणं हे सर्वात हास्यास्पद आणि सर्वात नेहमीचं कारण; तो कपाटात डब्यांच्या मागे असतो आणि सामान भरताना दबतो. मग चार्जरच्या आउटपुटचा फ्यूज.

गाडी चालवून भरत नसेल तर गाडीचं वय बघा. जुन्या गाडीत इंजिन चालू केलं की रिले (आपोआप लागणारा स्विच) दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि घराच्या बॅटरीला १४ च्या आसपास मिळतात. युरो ६ (युरोपचा धुराचा नियम) पाळणाऱ्या इंजिनांत अल्टरनेटर हुशार झाला: डिझेल वाचवायला तो मध्येच व्होल्टेज साडेबाराच्या खाली उतरवतो. अशा गाडीत व्होल्टेज बघून चालणारा जुन्या पद्धतीचा रिले बसवला असेल तर तो वाटेत सुटून बसतो. चार तास गाडी चालवून बॅटरी होती तिथेच. याला बॅटरी-टू-बॅटरी चार्जरच (इंजिनाकडचं कमी व्होल्टेज वाढवून घराची बॅटरी भरणारा) लागतो, रिले कितीही वेळा बदला.

पिणाऱ्यांत पहिला संशयित गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज. १२ व्होल्टवर तो १० ते १५ अँपिअर खातो, म्हणून इंजिन चालू असेल तरच त्याचा रिले लागायला हवा. रिलेचे काँटॅक्ट चिकटले तर इंजिन बंद झाल्यावरही चालूच: १२ अँपिअर धरले तर आठ तासांत ९६ अँपिअर-अवर, सकाळी बॅटरी ठणठणपाळ. इंजिन बंद करून, फ्रिज १२ व्होल्टवर ठेवून त्याच्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लावला की कळतं. क्लॅम्प मीटर डीसी मोजणाराच घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर बिनधास्त शून्य दाखवतात.

सगळं बंद करूनही २ दशांश अँपिअर जात असतील तर दोन आठवड्यांत ६७ अँपिअर-अवर झाले. एक-एक फ्यूज काढत क्लॅम्पवर नजर ठेवा, आकडा पडला की ती लाइन.

इंजिनाच्या बॅटरीचा अलार्म वेगळा असतो आणि त्याचं कारण बहुधा ट्रॅकर आणि चोर-अलार्म. ५० मिलिअँपिअर म्हणजे महिन्याला ३६ अँपिअर-अवर. घरासमोर महिना-दीड महिना उभी राहणारी गाडी असेल तर काहीही बिघडलेलं नाही, तिला छोटा सोलर किंवा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) द्या.

लिथियम बसवली असेल तर

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी जवळपास भरल्यापासून जवळपास संपेपर्यंत १३.० ते १३.३ च्या मध्येच रेंगाळते. लेड-ॲसिडसाठी बनवलेलं पॅनेल तिला शेवटपर्यंत "फुल" म्हणतं, अलार्म वाजतच नाही, आणि बीएमएसने (बॅटरीतल्या राखणदार सर्किटने) तोडलं की एकदम काळोख. पॅनेलकडे बघणं सोडा, निगेटिव्हवर शंट (करंट मोजायची पट्टी) बसवून अँपिअर-अवर मोजणारा मॉनिटर लावा. कडाक्याच्या थंडीत हुक-अप असूनही चार्ज होत नसेल तर घाबरू नका: सेल शून्याच्या खाली असले की बीएमएस चार्जिंग अडवतो, ते योग्यच आहे.

२३० व्होल्टची बाजू

पॅनेलवरचा मेन्सचा (२३० व्होल्ट आल्याचा) दिवा गेला तर आधी बाहेरचा खांब बघा. फ्रान्समध्ये काही साइटवर ६ अँपिअरच मिळतात, म्हणजे १३८० वॅट. तिथे २.२ किलोवॅटची किटली लावली की खांबावरचा ब्रेकर पडतो आणि गाडीत सगळं जिथल्या तिथे दिसतं.

गाडीतली आरसीडी (करंट गळला की सगळं तोडणारा मुख्य स्विच) पडत असेल तर प्रकार वेगळा, तिथे करंट जमिनीकडे गळतोय. सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी (प्रत्येक लाइनचे ब्रेकर) खाली, आरसीडी वर, मग एक-एक एमसीबी. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा लावताना पाणी तापवायचा किंवा फ्रिजचा एलिमेंट ओल धरून बसलेला असतो, नाहीतर बाहेरच्या सॉकेटमध्ये पाणी. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीडी पडली तर बहुधा न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी चिकटलेत. तिथून पुढे इलेक्ट्रिशियन. आरसीडी बायपास करून रात्र काढायची नाही.

इंग्लंडची गाडी युरोपात नेल्यावर उलट पोलॅरिटीचा दिवा लागतो तो बिघाड गाडीत नसतो, खांबातच फेज आणि न्यूट्रल उलट असतात. उपकरणं चालतात. पण बऱ्याच जुन्या इंग्रजी गाड्यांतले एकेरी एमसीबी एकच तार तोडतात, म्हणजे बंद केल्यावरही सॉकेटच्या आत फेज जिवंत राहू शकतो. बरेच जण उलटापालट करणारा छोटा अडॅप्टर जवळ ठेवतात. त्यावर ठळक खूण करा, घरी आल्यावर तोच चुकून लागतो.

टाकी भरल्याचा खोटा अलार्म

सांडपाण्याची टाकी नुकतीच रिकामी केली तरी पॅनेल "फुल" म्हणत असेल तर कारण बहुतेकदा आपल्या स्वयंपाकात आहे. टाकीच्या भिंतीत स्टीलचे स्क्रूसारखे प्रोब असतात. दोघांच्या मध्ये पाणी आलं की त्यातून किंचित करंट जातो आणि पॅनेल पातळी दाखवतं. फोडणीचं तेल आणि साबण मिळून प्रोबमध्ये चिकट साय धरतात, ती ओली राहते आणि करंट जात राहतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून टाकीत ओता, तीसेक किलोमीटर गाडी हिंदकळू द्या, साइटच्या ठरलेल्या जागीच रिकामी करा. ताज्या पाण्याच्या टाकीत उलट, जड पाण्याचा क्षार बसतो आणि भरलेली टाकी रिकामी दिसते. तिला सायट्रिक ॲसिड, आणि नंतर दोन-तीनदा स्वच्छ धुवायचं.

धुऊनही "फुल" जात नसेल तर टाकीच्या बाहेरच्या बाजूने प्रोबच्या वायरी काढून हवेत सोडा. पॅनेल "रिकामी" म्हणालं तर प्रोब अजून घाण आहेत, धुण्याचा सोडा पुन्हा टाका. वायरी काढूनही "फुल" म्हणत राहिलं तर टाकीचा नाद सोडा आणि वायरी कुठे दबल्यात, पॅनेलच्या मागच्या कनेक्टरमध्ये ओल आलीय का ते बघा. एवढं सगळं तपासून झाल्यावरच पॅनेलचं सर्किट दोषी धरायचं आणि जुन्या पॅनेलच्या शोधाला लागायचं.